हिरवा दिवा आणि माझी सही

मित्रहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा, कारण विषय आपल्या सगळ्यांच्या गावचा आहे.

परवा आमच्या ग्रामपंचायतीत दोन पोरं आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. म्हणाली, गावात फायबर टाकायचं आहे, सर्व्हे चाललाय, ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र पाहिजे. मी आता पंचायतीत कुठल्याच पदावर नाही, पण कट्ट्यावर बसलो होतो म्हणून मलाच विचारलं, "काका, जुना बॉक्स कुठं आहे हो?"

जुना बॉक्स कुठं आहे ते मला चांगलं माहीत आहे. तो चालू आहे असं लिहिलेल्या कागदावर २०१७ साली उपसरपंच म्हणून माझीच सही आहे. तो किती दिवस चालला, हेही माहीत आहे. त्या सहीबद्दल आजवर मी कुठं बोललो नव्हतो. आज बोलतो. पण त्याआधी थोडं मागं जावं लागेल, कारण ही गोष्ट एका बॉक्सची नाही.

आपल्याकडं गावाला तार जोडून देण्याच्या आश्वासनाला मोठा इतिहास आहे. समुद्राखालून आलेली तार मुंबईला पोचली १८७० मध्ये. म्हणजे मुंबई लंडनशी जोडली जाऊन दीडशे वर्षं होऊन गेली. आजही परदेशातून येणाऱ्या इंटरनेटच्या केबलपैकी बऱ्याच मुंबईच्याच किनाऱ्यावर, वर्सोव्याला उतरतात. जगाचं इंटरनेट ज्या राज्याच्या दारात उतरतं, त्याच राज्यातल्या गावात सातबाऱ्यासाठी माणूस "सर्व्हर डाऊन"चा बोर्ड वाचून परत येतो. मुंबईपर्यंत यायला तारेला अडचण आली नाही. तालुक्यापासून गावापर्यंतचे शेवटचे आठ-दहा किलोमीटर मात्र कधी नीट पार झालेच नाहीत.

१९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. सॅम पित्रोदांचं नाव त्या काळात घरोघरी झालं. आपल्या धुळीत, उन्हात, एसीशिवाय चालेल असं १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज त्यांनी बनवलं. १९८६ मध्ये ते कर्नाटकात कित्तूरला बसलं, आणि मग असली एक्स्चेंजेस गावोगाव गेली. पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आठवतात ना? रात्री दर कमी झाला की तिथं रांग लागायची. त्यामागं हे काम होतं. सरकारी पैसा आणि सरकारी इंजिनिअर गावाचा विचार करून कामाला लागले की काय होतं, याचं ते चांगलं उदाहरण. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढची गोष्ट वाचून "सरकारी म्हणजे असंच" असं कुणी म्हणू नये.

नंतर तारखांचा खेळ सुरू झाला. १९९४ च्या दूरसंचार धोरणात लिहिलं होतं, १९९७ पर्यंत सगळ्या गावांत फोन. १९९९ ला नवं धोरण आलं. त्यात उरलेल्या गावांसाठी तारीख पडली २००२. आणि मोबाईल कंपन्या तर शहरातच पळत होत्या, कारण पैसा तिथं होता. त्यांनाही दोष देता येत नाही. शंभर उंबऱ्यांच्या वाडीसाठी तार ओढून कुणाचा धंदा होणार?

याच काळात आपल्या वारणा खोऱ्यात एक प्रयोग झाला. नव्या पिढीला तो माहीतही नाही. १९९८ साली पंतप्रधानांच्या आयटी टास्क फोर्सच्या पुढाकारानं 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. वारणानगरच्या भोवतीची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं त्यात होती. निम्मा खर्च केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, दहा टक्के वारणा समूहाचा. तेव्हा देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं होऊन तीनच वर्षं झाली होती. अशा वेळी उसाच्या फडाशेजारी कॉम्प्युटर आले, आणि देशभरचे पेपर आणि अधिकारी बघायला आले.

त्यात ठरलं होतं बरंच काही. बाजारभाव, पिकांची माहिती, सरकारी दाखले, शिक्षण. प्रत्यक्षात लोकांनी वापर केला तो एकाच गोष्टीसाठी, ती म्हणजे उसाचा हिशोब. माझे आबा त्या बूथवर जायचे ते फक्त टनेज बघायला. आधी काय व्हायचं? चिटबॉयकडं चौकशी, मग गट ऑफिसला हेलपाटा, मग कारखान्यावर. आता गावातच कळायला लागलं. आबांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते कधी कळलं नाही, पण घरी आले की आधी सांगायचे, "आकडा घावला." त्यांच्या दृष्टीनं प्रकल्प यशस्वी झाला होता.

पुढं कॉम्प्युटर जुने झाले, वीज तर आपल्याकडची होतीच. २००६ च्या सुमारास बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चची मंडळी आली. त्यांच्या लक्षात आलं, की बूथवर मुख्यतः उसाच्याच माहितीची देवघेव चालते, आणि त्यासाठी एवढा खटाटोप लागत नाही. त्यांनी सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाईल ठेवला. एसएमएस करायचा, टनेजचा आकडा यायचा. काम तेच, खर्च कितीतरी कमी. या प्रयोगाचं नाव 'वारणा अनवायर्ड'. आठ वर्षांत आपलं खोरं वायर्डही झालं आणि अनवायर्डही.

काही शहाणी माणसं यावरून म्हणतात, बघा, गावाला इंटरनेट लागतच नव्हतं. मला ते पटत नाही. आबांना जी गोष्ट लागत होती ती मिळाली तेव्हा ते रोज गेले. जी लागत नव्हती किंवा चालत नव्हती, तिच्याकडं फिरकले नाहीत. गिऱ्हाईक शहाणं होतं. योजना आखणाऱ्यांनी त्याला आधी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता पैशाकडं येऊ, कारण खरी मेख तिथं आहे.

२००२ च्या एप्रिलपासून केंद्रानं एक धोरण लागू केलं. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा बाजूला काढायचा आणि जिथं धंदा होत नाही अशा गावांत सेवा द्यायला वापरायचा. त्याचं नाव सार्वत्रिक सेवा दायित्व निधी. २००३ मध्ये टेलिग्राफ कायदा दुरुस्त करून त्याला कायद्याचा आधार दिला. म्हणजे तुम्ही-आम्ही शंभराचा रिचार्ज मारतो, त्यातून कंपनीच्या हाती जे निव्वळ धरलं जातं, त्यातले साधारण पाच टक्के गावाच्या नावानं निघतात. शहरातल्या माणसाच्या बिलातून गावाची तार. कल्पना उत्तम होती. आजही आहे.

पण हा पैसा थेट निधीत पडत नाही. तो आधी देशाच्या एकत्रित तिजोरीत जातो, मग संसद मंजूर करेल तेवढा निधीला मिळतो. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर, पोरीच्या लग्नाची भिशी बापाच्या खिशात. गोळा झालेला आकडा आणि निधीला प्रत्यक्ष मिळालेला आकडा यांत मोठं अंतर राहिलं आणि कॅगनंही त्यावर बोट ठेवलं. शिवाय सुरुवातीला हा निधी साध्या टेलिफोनपुरताच होता. २००६ मध्ये वटहुकूम काढला, तेव्हा कुठं मोबाईल आणि ब्रॉडबँडला त्यातून पैसे देता यायला लागले.

दरम्यान २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण आलं. ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस वेग, असं त्यात ठरलं. आज हे वाचून हसू येईल. आता तीच व्याख्या २ एमबीपीएसवर आली आहे. २०१० पर्यंत २ कोटी जोडण्या द्यायच्या होत्या, झाल्या निम्म्याच्या आसपास, आणि त्याही बहुतेक शहरांत. जानेवारी २००९ मध्ये निधीतून गावांसाठी सुमारे ८ लाख ८८ हजार ब्रॉडबँड जोडण्यांचा करार झाला. गावातल्या तांब्याच्या तारेवरून ५१२ केबीपीएस मिळणार होते. पण तोवर लोकांनी घरातले फोन काढून मोबाईल घेतले होते, आणि जी तार वापरायची ती खांबावर लोंबकळत होती.

मग आला मोठा प्लॅन. २५ ऑक्टोबर २०११ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर, प्रत्येकीला १०० एमबीपीएस, खर्च सुमारे २० हजार कोटी, मुदत दोन वर्षं. जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत फायबर बहुतेक ठिकाणी होतीच. तालुका ते पंचायत हाच तुकडा जोडायचा होता. कागदावर अगदी सोपं काम. २०१२ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढली. राजस्थान, त्रिपुरा आणि आंध्रातल्या एकेका तालुक्यात आधी करून पाहिलं. दोन वर्षांची मुदत संपली तेव्हा या प्रयोगाच्या पुढं फारसं काही सरकलं नव्हतं. सरकार बदललं, २०१५ मध्ये नाव बदलून भारतनेट झालं. २०१७ मध्ये एकूण खर्चाचा आकडा ४२ हजार ६८ कोटींवर गेला. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्यानं स्वतःकडं घेतलं, त्याचं नाव महानेट.

पहिल्या टप्प्यात एक लाख पंचायती डिसेंबर २०१७ पर्यंत पुऱ्या करायच्या होत्या. आमचं गाव त्या एक लाखांतलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक गाडी आली. पंचायतीच्या मागच्या खोलीत भिंतीवर बॉक्स बसवला, खाली बॅटरी ठेवली, छपरावर सोलरचं पॅनेल. ठेकेदाराचा माणूस घाईत होता, दिवसात आणखी तीन गावं करायची होती. सरपंच ताई दवाखान्यात होत्या, म्हणून मला बोलावलं. त्यानं लॅपटॉप लावला, बॉक्सवर हिरवा दिवा लागला, एक वेबसाईट उघडून दाखवली. म्हणाला, "काका, हितं सही करा." मी केली. शिक्का मारला. फोटो काढला. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाकला, गाव डिजिटल झालं म्हणून. शंभर तरी अंगठे आले असतील.

हिरवा दिवा अठरा दिवस होता.

मग गेला. फोन केला तर पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले. दोन वेळा आले, एकदा चालू करून गेले. नंतर नंबरच लागेना. बॅटरी कुणीतरी काढून नेली. खोलीत आधी जुन्या मतपेट्या ठेवल्या, मग अंगणवाडीचे खाऊचे डबे. पण दिल्लीच्या यादीत आमचं गाव "सेवेसाठी सज्ज" असं राहिलं. का? तर माझ्या सहीचा कागद होता.

यात नेमकं चुकलं काय, हे मी नंतर वाचून, विचारून समजून घेतलं. तुम्हालाही सांगतो.

एक, रचना. तालुक्यापासून फायबर एका रेषेत गावोगाव गेली. चौथ्या किलोमीटरला तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. एकाच बाजूनं पाणी येणाऱ्या पाइपलाइनीसारखं.

दोन, खोदकाम. आधी रस्त्याचं रुंदीकरण आलं, मग नळाच्या पाण्याची पाइपलाइन आली. जेसीबीवाल्याला खाली काय आहे कोण सांगणार? सरकारच्या एका योजनेनं दुसरीची तार तोडली आणि कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. खोदण्याआधी कळवण्याचं ॲप २०२३ मध्ये आलं.

तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. पैसा तार टाकायला होता, ती चालू ठेवायला नव्हता. किती किलोमीटर टाकली, किती पंचायती सज्ज झाल्या, हे मोजलं गेलं. किती घरांनी, किती शाळांनी वापरली, हे मोजलं गेलं नाही. जे मोजतात तेच काम होतं. गावात संगणक परिचालक पोरं होती, त्यांचं मानधन काही हजारांचं आणि तेही वेळेवर मिळावं म्हणून मुंबईला मोर्चे काढावे लागायचे. आहे त्या माणसाला पोटापुरतं द्यायचं नाही आणि तारेवर कोट्यवधी घालायचे, याला काय म्हणायचं?

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणणारच, की दादा, २०१६ पासून स्वस्त फोर-जी आलंय, आता वायर कशाला? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. म्हणून तर बॉक्स बंद पडला तेव्हा गावात कुणी ओरडलं नाही.

२०१९ च्या महापुरात कळलं. वारणेचं पाणी चढलं, रस्ते बंद, लाईट गेली, टॉवरचं डिझेल संपलं, आणि फोन मेले. पलीकडच्या गावात माझी बहीण होती, तीन दिवस तिचा पत्ता नव्हता. मी असं म्हणत नाही की फायबर असती तर पूर आला नसता. पण पंचायतीतला तो बॉक्स, सोलर आणि बॅटरीसकट, चालू असता तर एक तरी धागा राहिला असता. कदाचित. पुढच्या वर्षी कोरोनात शाळा मोबाईलवर आली. आमच्या गावची पोरं रेंजसाठी माळावर बसायची, पावसात छत्र्या घेऊन. एका घरात तीन पोरं आणि एक फोन. शाळेपासून पंचायतीचा बॉक्स चाळीस पावलांवर होता. मी त्या पोरांच्या अंगावरून जायचो आणि मान खाली घालायचो.

आणि टॉवरलाही शेवटी मागून फायबरच लागते, हे विसरू नका. फायबर नसली की रेंज दिसते पण नेट पळत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, हजार दिवसांत सहा लाख गावांत फायबर. २०२१ मध्ये १६ राज्यांसाठी खासगी कंपन्यांना बोलावलं, १९ हजार ४१ कोटींची मदत देऊ केली. टेंडरला कुणी आलंच नाही. हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. ऑगस्ट २०२३ मध्ये नवा कार्यक्रम मंजूर झाला, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा. २० हजार कोटींवरून इथवर. न्यायानं बोलायचं तर कामही तेवढंच वाढलंय. यात पंचायतींच्या पुढं गावं आहेत, पाच वर्षांत दीड कोटी घरांना जोडणी द्यायचं उद्दिष्ट आहे, आणि दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च धरला आहे. रेषेऐवजी वर्तुळ करणार आहेत, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं येईल. गावातल्या पोरालाच जोडण्या द्यायचं काम देऊन उत्पन्नात वाटा द्यायचा असंही ठरलंय. चुका ओळखल्या आहेत, हे मान्य करायला पाहिजे. निधीचंही नाव आता डिजिटल भारत निधी झालंय.

सरकारी आकड्यांनुसार सुमारे २ लाख १४ हजार पंचायती "सज्ज" आहेत. त्या आकड्यात आमच्यासारखी किती गावं, किती हिरवे दिवे, किती सह्या, हे तुम्हीच ठरवा.

म्हणून परवा त्या पोरांना मी म्हटलं, बाळांनो, ना-हरकत पत्र मिळेल, तुमची काही चूक नाही. पण काम झाल्याच्या कागदावर या वेळी लगेच सही होणार नाही. सरपंचांशी बोललोय. येत्या ग्रामसभेत हे मुद्दे घेणार आहोत, तुमच्याही गावात घ्या:

१. काम पूर्ण झाल्याचा दाखला किमान तीस दिवस सलग चालल्याशिवाय द्यायचा नाही.

२. तुटल्यावर कुणाला फोन करायचा, किती दिवसांत दुरुस्ती, हे पंचायतीच्या दारावर लिहून लावायचं.

३. पहिल्या जोडण्या शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि अंगणवाडीला. त्यांचं महिन्याचं बिल कोण भरणार ते आत्ताच ठरवायचं.

४. बॉक्सच्या खोलीची किल्ली कुणाकडं, विजेचं बिल कुणाकडं, याचा ठराव करायचा.

५. गावात कुणीही खोदणार असेल, रस्तेवाला असो की पाणीवाला, आधी पंचायतीला कळवल्याशिवाय जेसीबी लावायचा नाही.

यात दिल्लीला जावं लागेल असं काहीच नाही. सगळं आपल्या हातातलं आहे. २०१७ मध्येही होतं. मी तेव्हा विचारलं असतं, "उद्या बंद पडलं तर कुणाला फोन करू?" तर तो माणूस गडबडला असता आणि मीही सावध झालो असतो. विचारलं नाही. फोटो चांगला आला होता.

आबांचा आकडा त्या काळात गावातच घावायचा, पंचवीस वर्षांपूर्वी, त्याच खोऱ्यात. माझ्या नातीला तिच्या परीक्षेचा फॉर्म गावात बसून भरता यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

तुमच्या पंचायतीतला बॉक्स चालू आहे का? उद्या जाऊन बघा, आणि जे दिसेल ते खाली कॉमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. पक्षाचं राजकारण नको, ही तार तीन-चार सरकारांच्या हाताखालून गेली आहे. फक्त दिवा लागलाय की नाही, तेवढं सांगा.